उल्काताईंच्या पदरातला पाव

आधी माझं सांगून टाकतो, म्हणजे मध्ये मध्ये माझी लुडबूड नको. मी प्रताप वैरागडे, मूळचा नागपूरचा, आता न्यू जर्सीत आयसेलिनला राहतो. दिवसा एका विमा कंपनीत दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढतो आणि शनिवार-रविवार पेटी वाजवतो. चुका काढणं हा माझा मूळ स्वभाव, नोकरी नंतर मिळाली. इथल्या मराठी मंडळातली माणसं मला तोंडावर प्रतापराव म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे आणि मला त्याचं काही वाटत नाही. ही गोष्ट उल्का निजसुरे यांची आहे. मी तिच्यात पेटीमागे बसलेला आहे, एवढंच.

उल्काताई मिरजेकडच्या. वडील कीर्तनकार, पंचक्रोशीत त्यांना नुसतं 'बुवा' म्हटलं की पुरे. मुलीला त्यांनी शाळकरी वयातच कीर्तनाला उभं केलं. मागच्यांना दिसावी म्हणून पाटावर पाट रचून तिला वर चढवलं होतं म्हणे. पुढे नऊवारी नेसून, पदर कमरेला खोचून, हातात चिपळ्या घेऊन या बाईंनी सांगली-कोल्हापूरकडचे उत्सव गाजवले. एका रामनवमीला सुलेखाबाई निजसुरे नावाच्या बाई समोर बसल्या होत्या. कीर्तन संपल्यावर त्या तडक बुवांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "तुमची मुलगी मला द्या. मुलगा माझा बरा आहे, पण मला हे कीर्तन घरात हवंय." मुलगा म्हणजे यतीन, कंप्युटरवाला. सासूने आधी सून ठरवली आणि मग मुलाला कळवलं. हे लक्षात असू द्या.

२००१ च्या उन्हाळ्यात यतीनला व्हिसा मिळाला आणि नवराबायको इथे न्यू जर्सीत पार्सिपनीला आली. वर्षभरात सासरे गेले, तेव्हा सुलेखाबाईही इकडे आल्या. त्यांना सगळे माई म्हणतात. पुढे ही मंडळी आयसेलिनला आमच्याच गल्लीत राहायला आली आणि एके दिवशी त्यांच्या खिडकीतून मला चिपळ्यांचा आवाज ऐकू आला. मी बर्फ ओढायचं फावडं तसंच अंगणात टाकून त्यांची बेल वाजवली. माझी पेटी अशी उल्काताईंना मिळाली. तबल्याला नंदू आला. तो फार्मसीत काम करतो आणि अडल्याशिवाय बोलत नाही, त्यामुळे आमचं जमलं.

ज्यांनी कधी कीर्तन ऐकलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कीर्तनकार दोन-दोन तास उभा असतो. आधी थोडा विचार, मग एखाद्या संताची नाहीतर देवाची गोष्ट. तिला आख्यान म्हणतात. मध्ये गाणं, मध्ये हसणं, मध्ये डोळे पुसणं. शेवटी आरती. श्रोत्यांनी पथ्य एकच पाळायचं, मध्येच उठायचं नाही. उठलं तर तो सांगणाऱ्याचा अपमान नव्हे, ज्याची गोष्ट चालली आहे त्याचा अपमान, असं बुवांनी मुलीला शिकवलेलं होतं.

२००३ च्या दिवाळीत मी मंडळाच्या डोक्यावर बसून उल्काताईंचं कीर्तन ठरवलं. कमिटीने ते फॅशन शो आणि जेवण यांच्यामध्ये कोंबलं. शाळेचा हॉल गच्च भरला होता. आख्यान ध्रुवाचं. उल्काताई अशा रंगल्या होत्या की पुढच्या रांगेतली मुलंसुद्धा हातातले खेळ विसरून बघत होती. सावत्र आई पोराला बापाच्या मांडीवरून खाली ओढते, इतक्यात आमच्या सेक्रेटरींनी मागचा माइक हातात घेतला आणि म्हणाले, "मंडळी, जेवण रेडी आहे! प्लीज लाइन लावा, किड्स फर्स्ट!"

ध्रुव मांडीवरून पडला आणि हॉल उठला. खुर्च्या सरकल्या, प्लेटा वाजल्या, कुणीतरी पुऱ्या गरम आहेत का विचारलं. मी उठून त्या सेक्रेटरींच्या अंगावर जाणार होतो, पण मग मीही उठल्यातच जमा झालो असतो. समोर एकच बाई बसून राहिली होती, माई. त्या सुनेकडे बघून एवढंच म्हणाल्या, "तू थांबू नकोस." उल्काताई थांबल्या नाहीत. रिकाम्या खुर्च्यांसमोर त्यांनी ध्रुवाला अढळपदावर नेऊन बसवलं, आरती केली, आणि चिपळ्या शालीत गुंडाळल्या.

गाडीत त्या म्हणाल्या, "माई, मी आता पुन्हा उभी राहणार नाही. ऐकणारी माणसं उठून जायला लागली की आपण गप्प बसावं."

चिपळ्या गराजमध्ये बर्फाच्या बुटांशेजारच्या फळीवर गेल्या. मला कमिटीचा संताप आला होता आणि तो मी कमिटीला पुरेपूर कळवलाही. पण खरं सांगायचं तर संतापापेक्षा भीती जास्त होती. इतकी मोठी कला या देशात बुटांशेजारी पडून मरणार, असं मला तेव्हा वाटलं आणि वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

काम करायची परवानगी हातात आल्यावर उल्काताई रॅरिटन नदीजवळच्या एका नर्सिंग होममध्ये लागल्या. म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, भरवायचं. यतीन म्हणाला, "अगं, दुसरं काहीतरी बघ ना, कोर्स कर." त्या म्हणाल्या, "मला माणसांत राहायचंय, स्क्रीनसमोर नाही." तिथे त्यांना इलोनाबाई भेटल्या.

इलोनाबाई हंगेरीच्या. छप्पन साली तिकडे बंड झालं, ते रशियन रणगाड्यांनी चिरडलं, तेव्हा त्या नवऱ्याबरोबर पळून न्यू ब्रन्सविकला आल्या आणि उभा जन्म बेकरीत पाव भाजले. नवरा गेला, मुलगा दूर टेक्ससला. नव्वदीला टेकलेली बाई, पण जीभ तिखट. नर्सेस त्यांच्या खोलीत जाताना आधी दाराबाहेर श्वास घेत. त्यांच्या पलंगाशेजारी चिनी मातीची एक छोटी मूर्ती होती. डोक्यावर मुकुट घातलेली तरुण बाई आणि तिच्या पुढे धरलेल्या पदरात गुलाबाची फुलं. उल्काताईंनी पहिल्याच दिवशी तिला नमस्कार केला आणि पहिल्याच शुक्रवारी हळदकुंकू लावलं.

झालं. सफाईवालीने मूर्तीच्या कपाळावर लाल पाहिलं आणि रक्त समजून सुपरवायझरला बोलावलं. सुपरवायझरने हातमोजे चढवले. उल्काताईंच्या तोंडचं पाणी पळालं. नोकरी नवीन, धर्म दुसऱ्याचा, मूर्ती दुसऱ्याची. त्या माफी मागत पुसायला गेल्या तर पलंगावरून इलोनाबाई ओरडल्या, "हात लावू नकोस! माझ्या खोलीत सात वर्षांत तिला नमस्कार करणारी ही पहिली बाई आहे. हे लाल काय आहे?"

"देवीला लावतात," उल्काताई म्हणाल्या. "आमच्याकडे."

"ती देवी नाही. ती अर्झेबेत आहे. आमच्या राजाची मुलगी. बस, सांगते."

सगळं इंग्रजीत, दोघींच्याही मोडक्या. पुढे दोन वर्षं इलोनाबाईंचे केस विंचरता विंचरता उल्काताईंनी ही गोष्ट तुकड्यातुकड्यांनी ऐकली. आठशे वर्षांपूर्वीची हंगेरीची राजकन्या, इंग्रजीत एलिझाबेथ. चार वर्षांची असताना लग्न ठरवून तिला परमुलखात सासरी धाडलं. गाणी म्हणायला, गोष्टी सांगायला माणसं बरोबर दिली, चांदीची भांडी दिली, पण आई दिली नाही. मोठी झाल्यावर ती किल्ल्यावरून पाव लपवून खाली गरिबांना नेऊन द्यायची. एकदा वाटेत अडवून विचारलं, पदरात काय आहे? कुणी म्हणतं नवऱ्याने विचारलं, कुणी म्हणतं दिराने. तिने पदर सोडला तर पावाच्या जागी गुलाब. नवरा जीव लावणारा होता, तो लढाईला जाताना वाटेत तापाने गेला. विशीतली विधवा लेकरांसकट भर थंडीत घराबाहेर पडली, डुकरांच्या खोपटात राहिली, पण देणं थांबवलं नाही. शेवटी इस्पितळ बांधलं आणि तिथे स्वतःच्या हातांनी रोग्यांना न्हाऊ घालता घालता चोविसाव्या वर्षी गेली. चार वर्षांत पोपनी तिला संत ठरवलं, आणि तिच्या हाडांना मान द्यायला खुद्द सम्राट चालत आला. इलोनाबाईंच्या चर्चमध्ये तिच्या सणाला, नोव्हेंबरात, पाव आणि गुलाब वाटतात.

विधवा ऐकल्यावर उल्काताई जरा चपापल्या, कुंकू चुकलंच की काय. घरी येऊन माईंना विचारलं. माई स्वतः विधवा. त्या भाजी चिरत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "संताला कसलं सवाष्णपण आणि कसलं काय. लाव तू."

२००७ साल तिच्या जन्माचं आठशेवं. न्यू ब्रन्सविकच्या हंगेरियन चर्चमध्ये मोठा सण ठरला होता. आणि ऑगस्टमध्ये इलोनाबाई बाथरूममध्ये पडल्या. खुबा मोडला, ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले आता उभं राहायला हरकत नाही. पण बाई उभ्याच राहिनात. फिजिओथेरपिस्ट रोज येऊन हात टेकून जायचा. चर्चची बस व्हीलचेअर घेऊन जायला तयार होती, तर त्या म्हणाल्या, "तिच्या सणाला मी पन्नास वर्षं माझ्या पायांवर उभी राहिले. आता सामानासारखी ढकलत नेऊ नका." आणि मग उल्काताईंकडे वळून म्हणाल्या, "तू म्हणतेस तू गोष्टी सांगायचीस. मग तिची गोष्ट इथेच सांग. माझ्या नातवंडांना तिचं नावसुद्धा माहीत नाही. मी गेले की या मूर्तीला कोण ओळखणार?"

"मी आता उभी राहत नाही, आजी."

"का?"

उल्काताईंनी ध्रुव, पुऱ्या, सेक्रेटरी सगळं सांगितलं. कीर्तनातून उठायचं नसतं हे पथ्यही सांगितलं. इलोनाबाई खो खो हसल्या.

"मी ऑगस्टपासून उठलेली नाही. इथली निम्मी माणसं चाकांवर आहेत, चाकांना ब्रेक आहेत. याहून चांगले श्रोते तुला कुठे मिळणार?"

त्या संध्याकाळी उल्काताईंनी हे घरी हसत हसत सांगितलं. माई हसल्या नाहीत. त्या उठून गराजमध्ये गेल्या, शालीचं गाठोडं आणून सुनेच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "वडलांना फोन लाव."

बुवा तेव्हा ऐंशीच्या पुढे. ख्रिस्ती बाईचं आख्यान लावू का, असं मुलीने चाचरत विचारलं. त्यांनी सगळी गोष्ट ऐकून घेतली, मध्ये एकदा "पुन्हा सांग, पदराचं," म्हणाले, आणि मग म्हणाले, "ही बाई आजवर आपल्या कीर्तनात आली नाही, ही आपली चूक. लाव. आणि रडवण्याआधी हसव, विसरू नकोस." मंडळातल्या एका गृहस्थांनी मात्र ओक ट्री रोडवर मला गाठून विचारलं, "प्रतापराव, हे जरा कन्व्हर्जनसारखं नाही का होत?" मी म्हटलं, "होतं ना. तुमच्यासारखे पुऱ्यांकडे पळणारे श्रोत्यांत कन्व्हर्ट झाले तर मला हवंच आहे." त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत. शांतता आहे.

तालमी निजसुऱ्यांच्या बेसमेंटमध्ये सुरू झाल्या. गाणं मराठीत, गोष्ट इंग्रजीत. इंग्रजी उल्काताईंचं कामापुरतं, पण कीर्तनाच्या हेलात ते असं काही यायचं की नंदू तबला सोडून ऐकत राहायचा. आणि इथे एक चूक झाली. मराठी बाईच्या हातात सासुरवाशिणीची गोष्ट दिली की सासू खाष्ट होणारच. उल्काताईंच्या आख्यानात एलिझाबेथच्या नवऱ्याची विधवा आई, सोफिया नावाची, अशी काही कजाग निघाली की काय सांगू. ती सुनेचे पाव मोजायची, ती नाक उडवायची, चर्चमध्ये देवासमोर सुनेने मुकुट उतरवला म्हणून कमरेवर हात ठेवून ती हा असा थयथयाट करायची. आम्ही पोट धरून हसलो. मीसुद्धा हसलो, आणि मला तर हसायची सवय नाही. माई कोपऱ्यात गुलाबाचे हार ओवत बसल्या होत्या. त्यांची सुई थांबलेली मला दिसली.

दुसऱ्या दिवशी उल्काताईंनी तीच सासू इलोनाबाईंना करून दाखवली. त्या भडकल्या.

"हे कुणी सांगितलं तुला? माझ्या गावच्या पाद्रीबाबांनी सांगितलं होतं, सगळं घर उलटलं तरी म्हातारी सुनेच्या बाजूने होती. लोकांना सासू वाईटच लागते म्हणून मागाहून कुणीतरी तिला वाईट केलं. चार वर्षांच्या पोरीला कडेवर घेऊन वाढवलं कुणी, दगडांनी?"

उल्काताई घरी आल्या तेव्हा मी आणि नंदू तालमीसाठी येऊन बसलो होतो. त्या आमच्याकडे न बघता सरळ माईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "माई, मी सोफियाला उगाच वाईट केलं."

"मला काय करायचंय," माई म्हणाल्या. मग हातातला हार बाजूला ठेवला. "तुला म्हणून सांगते. त्या दिवशी हॉलमध्ये मीही उठले असते तर तूसुद्धा अर्ध्यावर सोडलं असतंस. सगळ्या सास्वा खाष्ट नसतात गं. काही नुसत्या बसून राहतात."

उल्काताई माईंच्या कुशीत शिरून रडल्या. नंदूने उगाचच तबला ठोकायला घेतला. मी पेटीच्या भात्यात काही अडकलंय का ते बघू लागलो. सोफियाचा प्रवेश त्या संध्याकाळी नव्याने बसवला.

सतरा नोव्हेंबर, शनिवार. नर्सिंग होमच्या डायनिंग हॉलमध्ये टेबलं बाजूला सारून जागा केली. तिथले कार्यक्रम ठरवणारी डेनिस नावाची चांगली बाई होती. तिने तीनची वेळ दिली आणि बजावलं, "पाचला डिनर. किचन थांबत नाही." पुन्हा जेवण! जगात कीर्तनाचं आणि जेवणाचं वैर कुणी लावून दिलंय कोण जाणे. त्यात एकेक व्हीलचेअर ढकलत आणेपर्यंत साडेतीन वाजले. एक आजोबा बिंगो समजून आले होते. त्यांना बिंगो नाही म्हटल्यावर ते म्हणाले, ठीक आहे, आता आलोय तर. इलोनाबाईंच्या ओळखीच्या चार हंगेरियन म्हाताऱ्या चर्चमधून खास आल्या होत्या, टोप्या घालून. आमच्या गल्लीतली मराठी कुटुंबं मागे उभी होती. पुढच्या रांगेत मधोमध इलोनाबाई, शेजारी खुर्चीवर माई. मूर्ती टेबलावर, कपाळावर ताजं कुंकू.

उल्काताई आल्या त्या हिरव्या नऊवारीत, गळ्यात उपरणं. चार वर्षांनी त्यांना तशा बघून माझा पहिला सूर चुकला. माझा! त्यांनी आधी पथ्य सांगितलं, "फ्रेंड्स, इन कीर्तन, नोबडी गेट्स अप." व्हीलचेअरवाले सगळे एकदम हसले. बुवांनी सांगितलं होतं, रडवण्याआधी हसव. ते पहिल्याच वाक्यात झालं.

आणि मग त्यांनी सुरू केलं, स्वतः रचलेलं.

*चार वर्षांची ती । निघाली सासरी ।*
*चांदीच्या घागरी । संगे तिच्या ॥*
*माय दारापाशी । बाप घोड्यापाशी ।*
*बोलेना कुणाशी । लेक त्यांची ॥*

एक शब्द कुणाला कळला नसेल. पण नंतर इंग्रजीत अर्थ सांगत त्यांनी चार वर्षांची मुलगी चालून दाखवली, मागे वळून बघणारी, आणि टोपीवाल्या म्हाताऱ्यांपैकी एकीने पर्समधून रुमाल काढला. त्या सगळ्या आपापला देश सोडून आलेल्या. मागे उभ्या असलेल्या आमच्या आयटीवाल्यांनीही फोन खिशात टाकले. विमानतळावरची आई प्रत्येकाला असते.

सोफिया आली. चर्चमध्ये सून मुकुट उतरवते, दरबार कुजबुजतो, आणि सासू पुढे होऊन म्हणते, "माझ्या सुनेचं डोकं दुखत असेल. धरा तो मुकुट माझ्याकडे." हे उल्काताईंनी माईंकडे बघत म्हटलं. माईंनी पदर तोंडाला लावला. इलोनाबाईंनी मांडीवरची काठी जमिनीवर आपटून "बरोबर!" म्हटलं, ते मराठीतल्या "वाहवा"इतकंच चोख वेळेवर होतं.

आता गुलाबांचं प्रकरण. घड्याळात पाच वाजत आले होते आणि मी पेटी वाजवताना दाराकडेच बघत होतो. एलिझाबेथ पदरात पाव झाकून उतारावरून निघते, थंडी आहे, समोरून घोडा येतो, दीर आडवा होतो. उल्काताईंनी आवाज खाली आणला. "वहिनी," दीर म्हणतो, "पदरात काय आहे?"

आणि किचनचं दार धाडकन उघडलं. घंटा वाजली. स्वयंपाकघरातला धिप्पाड माणूस ट्रॉली ढकलत आत आला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "डिनर इज रेडी, एव्हरीबडी!"

उल्काताईंचे ओठ पांढरे पडले. चिपळ्या हवेत थांबल्या. त्या दारातून मला पुन्हा त्या पुऱ्या आल्यासारख्या दिसल्या. हॉलमधल्या सगळ्या माना ट्रॉलीकडे वळल्या. म्हाताऱ्या माणसांचा दिवस जेवणाच्या वेळांवर बांधलेला असतो, उल्काताईंना ते माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. मग इलोनाबाईंची काठी वाजली.

"गप्प बस! तिने अजून पदर सोडलेला नाही!"

बिंगोवाले आजोबा म्हणाले, "यस, शट अप, जॉनी. तिच्याकडे काय आहे ते मला बघायचंय." आणि मग सगळीकडून "श्श, श्श" सुरू झालं. एक चाक हललं नाही. एक खुर्ची सरकली नाही. जॉनी ट्रॉली धरून जागच्या जागी उभा राहिला, आणि थोड्या वेळाने त्याने डोक्यावरची टोपी काढली.

माई हळूच म्हणाल्या, "तू थांबू नकोस."

उल्काताई थांबल्या नाहीत. त्या श्रोत्यांमधून चालत ट्रॉलीपाशी गेल्या, कमरेचा पदर अर्धाच सोडला, त्यात टोपलीतले गरम पाव ओतले आणि पुन्हा पुढे आल्या. आता दीर त्यांना खरंच विचारत होता आणि त्यांच्या पदरात खरंच काहीतरी होतं. तो आवाज मी जन्मात विसरणार नाही.

*भाकर झाकून । निघाली ती राणी ।*
*डोळ्यांतले पाणी । फूल झाले ॥*

ही ओळ त्यांनी तीनदा घेतली, तिसऱ्यांदा तार सप्तकात. माझी पेटी आणि नंदूचा तबला त्यांच्यामागे धावत होते. मग त्यांनी पदर उघडला. माईंनी ओवलेल्या हारातल्या गुलाबाच्या पाकळ्या पदराच्या घडीत आधीच ठेवलेल्या होत्या. त्या पावांवर सांडल्या, आणि उल्काताई एकेका चाकाच्या खुर्चीसमोर वाकून पाकळ्यांसकट पाव हातात देत गेल्या. हंगेरियन बायकांनी आपली टोपी काढून पाव कपाळाला लावला. जॉनीलाही एक मिळाला. मागच्या मराठी मंडळींपैकी पुढे होऊन हात पसरणारे पहिले गृहस्थ कोण होते ठाऊक आहे? मला कन्व्हर्जनचं विचारणारे. बोलत नाहीत अजून, पण पाव घेतला.

किल्ल्यातून हकालपट्टी, खोपट, इस्पितळ, तिचं जाणं आणि सम्राटाचं चालत येणं, सगळं सूप गार होईपर्यंत चाललं. कुणी हललं नाही. रोग्यांना न्हाऊ घालणारी राणी सांगताना उल्काताईंनी कसला अभिनय केला नाही. रोज करतात तसे हात हलवले, बस. हॉलमधल्या नर्सेस त्या हातांकडे बघत रडत होत्या. मीही रडलो, लपवत नाही.

मग आरती. तिथे ऑक्सिजनच्या नळ्या असतात, ज्योत पेटवायला बंदी, म्हणून नंदूने बॅटरीवर चालणारे इवले दिवे आणले होते. उल्काताईंनी तबक उचललं. मागची मंडळी उभीच होती. माई खुर्चीतून उठल्या. टोपीवाल्या बायका उठल्या. बिंगोवाले आजोबा वॉकरला धरून उठले. मी पेटीमागून बघत होतो, म्हणून मला सगळ्यांच्या आधी दिसलं. इलोनाबाईंनी उजव्या-डाव्या बाजूला उभ्या असलेल्या माणसांकडे बघितलं, चेहरा वाकडा केला आणि माईंपुढे हात केला. माईंनी तो घट्ट धरला. डेनिस धावली, तिला इलोनाबाईंनी काठीने लांब केलं. आधी पाठ खुर्चीपासून सुटली, मग गुडघे थरथरले, आणि मग ऑगस्टपासून न उठलेली बाई आपल्या अर्झेबेतसमोर आपल्या दोन पायांवर ताठ उभी राहिली.

मी पेटी सोडली नाही. सोडली असती तर उल्काताईंनी मला ठेवलं नसतं.

आरती संपेपर्यंत त्या उभ्या होत्या, घामाघूम. तबक समोर आलं तेव्हा त्यांनी दिव्यांवरून हात फिरवून डोळ्यांना लावले, माईंनी दाखवले तसे. मग उल्काताईंकडे बघून म्हणाल्या, "उठायचं नसतं म्हणाली होतीस."

"आरतीला उठतात, आजी," उल्काताई म्हणाल्या, आणि त्यांच्या खांद्याला हात देऊन त्यांना पुन्हा खाली बसवलं.